दवाखान्यात समोर कोण बसले आहे?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी चोवीस तासांचा संप पुकारला, त्या दिवशी मला दादाचा निरोप आला: "तुमच्या इंग्लंडमध्ये असले काही चालते का?" होमिओपॅथीची पदवी घेऊन त्यावर आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण करणाऱ्यांना ॲलोपॅथीची औषधे देता यावीत म्हणून राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलला होता. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने करावी, असा आदेश सरकारने त्या सप्टेंबरात काढला आणि त्यावरून हा संप झाला.

दादाला मी लिहिले की चालते, आणि त्यावरून इथेही कडाक्याचे भांडण झाले आहे.

इथे ‘फिजिशियन असोसिएट’ नावाचा एक वर्ग आहे. बहुधा विज्ञानाची पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेली ही माणसे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासतात. डॉक्टर अपुरे आहेत, हेच कारण इथेही दिले गेले. २०२२ मध्ये तीस वर्षांची एक तरुणी पोटरी दुखते आणि धाप लागते म्हणून दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला असोसिएटने तपासले, आपण डॉक्टरांनाच भेटलो असा तिचा समज राहिला, आणि फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने ती दगावली. डिसेंबर २०२४ पासून जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे इथली डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद, या वर्गाचीही नोंदणी करू लागली. जुलै २०२५ मध्ये प्राध्यापक जिलियन लेंग यांनी सरकारला अहवाल दिला. या लोकांना ‘असिस्टंट’ म्हणावे, पोशाखावरून आणि बिल्ल्यावरून ते डॉक्टर नाहीत हे रुग्णाला कळावे, आणि ज्याच्या आजाराचे निदान अजून झालेले नाही अशा रुग्णाला त्यांनी ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर तपासू नये, असे त्यात सांगितले आहे.

यातली शेवटची शिफारस मला सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्याकडच्या वादात नेमका तोच मुद्दा सुटलेला आहे. ताप, खोकला, अंगदुखी हे किरकोळ आजार आणि ते पाहणारा डॉक्टर कमी शिकलेला असला तरी चालतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो. वस्तुस्थिती उलट आहे. हृदयरोगतज्ज्ञाकडे रुग्ण पोहोचतो तेव्हा कोणीतरी त्याला आधी चाळून पाठवलेले असते; पहिल्या दिवशीचा ताप मात्र साध्या विषाणूचा, डेंग्यूचा, विषमज्वराचा की लेप्टोचा, हे कपाळावर लिहिलेले नसते. शंभर साध्या तापांतला एक घातकी ताप वेळेवर ओळखणे हे वैद्यकातले अतिशय कठीण काम आहे. म्हणूनच इथे जीपी, म्हणजे रुग्णाला सर्वांत आधी पाहणारा कौटुंबिक डॉक्टर, व्हायला वैद्यकीय शिक्षणाची पाच, नंतरची दोन आणि खास प्रशिक्षणाची तीन, अशी किमान दहा वर्षे लागतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरला दोषी धरले, त्या प्रकरणातही रुग्णाला तापच आला होता: आधी विषाणूजन्य तापाची आणि मग विषमज्वराची ॲलोपॅथीची औषधे दिली गेली आणि तो दगावला.

म्हणून सीसीएमपीची नोंदणी आज आहे त्या स्वरूपात होऊ नये, असे माझे मत आहे. मात्र खेड्यात रात्री-अपरात्री दार उघडणारे डॉक्टर अनेकदा होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाचेच असतात, आणि त्यांना हाकलून तिथे कोण बसणार, याचे उत्तर संप करणाऱ्यांनीही दिलेले नाही. निदान झालेल्या रक्तदाबाचा, मधुमेहाचा पाठपुरावा करण्याचे काम त्यांना लेखी मर्यादेत, नाव घेऊन सांगता येईल अशा वरिष्ठ डॉक्टरच्या जबाबदारीवर जरूर द्यावे. त्याच वेळी हेही विचारावे की इंटर्नशिप संपताच एमबीबीएस डॉक्टरला कौटुंबिक वैद्यकाचे एक दिवसाचेही प्रशिक्षण न घेता दवाखाना थाटता येतो, ते कसे? इथे ते शक्य नाही.

तुटवड्याच्या युक्तिवादाबद्दलही इथला अनुभव सावध करणारा आहे. २०१९ पासून दवाखान्यांना साहाय्यक पदांसाठी वेगळा निधी मिळू लागला, पण त्यातून जीपी नेमता येत नसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती अट सैल होईपर्यंत एकीकडे रुग्ण सकाळी आठ वाजल्यापासून फोन लावत होते आणि दुसरीकडे शिकून तयार झालेले जीपी काम शोधत होते.

आता बाबांविषयी. त्यांना दोन वर्षांपूर्वी रुग्णालयात दाखल केले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारले की आधी कोणती औषधे चालू होती. आईने पर्समधून कागदाची पुडी काढली. आत दोन पांढऱ्या गोळ्या, अर्धी गुलाबी आणि एक पिवळी; वेष्टन नाही, नाव नाही, चिठ्ठी तर नाहीच. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागेना. त्या गोळ्यांत स्टेरॉईड आहे हे दुसऱ्या दिवशी कळले, आणि हळूहळूच कमी करावे लागणारे ते औषध तोवर अचानक बंद झालेले होते. मी इथे माझ्या मोबाइलवर गेल्या कित्येक वर्षांतले प्रत्येक औषध मात्रेसह पाहू शकते, आणि बाबांच्या हातात तेवढी पुडी होती.

पुडी देणारे ते डॉक्टर रीतसर एमबीबीएस आहेत, हे मुद्दाम सांगते. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहावा, हे २००२ च्या आचारसंहितेतच आहे. उच्च न्यायालयाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. निनावी पुडी बंद करून औषधांची नावे, पदवी आणि नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी प्रत्येक रुग्णाच्या हातात पडेल, एवढे परिषदेने सर्व डॉक्टरांकडून करून घ्यायला कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.