सगळ्यांना एका पोत्यात भरू नका

आज सकाळच्या ऑनलाइन वाचनकट्ट्यावर एका सरांनी मार्जरी पर्लॉफ या अमेरिकन समीक्षिकेच्या 'एज ऑफ आयरनी' या पुस्तकाची दोन वाक्यांत वासलात लावली. "एका म्हातारीनं जुन्या व्हिएन्नासाठी काढलेले उसासे आहेत. आणि रोट काय, त्सेलान काय, शेवटी सगळे जर्मन लेखकच की!" (योझेफ रोट कादंबरीकार, पाउल त्सेलान कवी. दोघांवरही या पुस्तकात प्रकरण आहे.) मी म्यूटवर होतो. बटण सापडेपर्यंत मीटिंग संपली. तेव्हापासून डोकं तापलंय. लांबण लागेल, आधीच सांगतो.

२०१७ च्या हिवाळ्यात कंपनीच्या कामानं मी पाच महिने व्हिएन्नात होतो. फाव्होरिटेन भागात, एका पंच्याहत्तरीच्या बाईंच्या घरी भाड्यानं. त्यांची आजी मोराव्हियातून, म्हणजे आताच्या चेक देशातून, स्वयंपाकीण म्हणून शहरात आलेली. तिची पाककृतींची वही बाईंनी एकदा मला दाखवली. निम्मी पानं जर्मनमध्ये, निम्मी चेकमध्ये. चेक पानांवर बोट ठेवून मी विचारलं, हे काय आहे? बाई म्हणाल्या, "ते आता कोणाला वाचता येतंय!" आणि खो खो हसल्या. मला कसंनुसं झालं, त्यांना मात्र हसू आवरेना.

मी तेव्हा नेमकं पर्लॉफबाईंचंच पुस्तक वाचत होतो, आणि त्यात जे म्हटलंय ते मला त्या हसण्यात ऐकू आलं. १९१८ मध्ये हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळलं. व्हिएन्ना त्याची राजधानी. पाचेक कोटी लोकांचा देश होता. त्याच्या नोटेवर एका बाजूला हंगेरियन, दुसऱ्या बाजूला जर्मन आणि खाली बारीक अक्षरांत आणखी आठ भाषांत किंमत. (आपल्या नोटेवरची भाषांची पट्टी कधी नीट वाचलीय का? मीही नाही.) तो देश गेल्यावर त्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या माणसांनी जे लिहिलं, त्याची जात बर्लिनच्या लिखाणापेक्षा वेगळी आहे, असं पर्लॉफबाई म्हणतात. बर्लिनवाल्यांना जग बदलायचं होतं. यांचा कुठल्याच घोषणेवर विश्वास उरला नव्हता. उरला तो उपरोध.

आणि उसासे? अहो, पर्लॉफबाईंचा जन्म १९३१ चा! साम्राज्य संपून तेरा वर्षं झालेली. तेव्हा त्या व्हिएन्नातल्या ज्यू घरातल्या गाब्रिएले मिंत्स. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरचं सैन्य आलं आणि साडेसहा वर्षांची ही पोर आईवडिलांबरोबर आगगाडीत बसून देशाबाहेर पडली. अमेरिकेत मार्जरी झाली, स्टॅनफर्डला शिकवलं, २०२४ मध्ये गेली. जे साम्राज्य पाहिलंच नाही त्यासाठी ती कशाला उसासे टाकेल? सरांनी मुखपृष्ठापलीकडे काही वाचलं असेल तर मी पैज हरायला तयार आहे.

बरं, रोट जर्मन कसा? जन्म १८९४, ब्रोडी गावात. तेव्हाचा गॅलिशिया, आताचं युक्रेन. त्याच्या 'राडेट्स्की मार्च' या कादंबरीत त्रोट्टा नावाचा लेफ्टनंट सोल्फेरिनोच्या लढाईत बादशहाचा जीव वाचवतो. मूळ घराणं स्लोव्हेन शेतकऱ्यांचं. पाच वर्षांपूर्वीपर्यंत बाप त्याच्याशी स्लोव्हेनमध्ये बोलायचा, आता मोडक्यातोडक्या फौजी जर्मनमध्ये बोलतो, कारण पोरगा साहेब झाला. हे मी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात बसून वाचलंय, वही समोर असताना! पुढे तोच त्रोट्टा आपल्या मुलाच्या क्रमिक पुस्तकात स्वतःच्या पराक्रमाची तिखटमीठ लावलेली खोटी गोष्ट वाचतो, तक्रार घेऊन थेट बादशहापर्यंत जातो, आणि तिथेही त्याला सौम्य शब्दांत सांगितलं जातं की असू दे, जाऊ दे. याला उसासे म्हणायचं? साम्राज्याचं इतकं नीटस वस्त्रहरण त्याच्या शत्रूंनीही केलं नसेल.

त्सेलान १९२० मध्ये चेर्नोवित्सला जन्मला तेव्हा साम्राज्यातलं ते गाव रुमानियात गेलेलं. आज तेही युक्रेनमध्ये. आईवडील नाझींच्या काळात छावणीत मेले, आणि हा माणूस मारेकऱ्यांच्याच भाषेत, म्हणजे आईच्या भाषेत, कविता लिहीत राहिला. त्याला 'जर्मन लेखक' म्हणून कपाटात कोंबताना हात कसा धजतो? यावर मी जास्त लिहीत नाही, राग नको तिथे जाईल.

उलट टोकाचेही आहेतच. जुन्या व्हिएन्नाचे पिवळट फोटो टाकून 'किती गुण्यागोविंदानं नांदायचे सगळे' म्हणणारे. कसले गुण्यागोविंदानं? १८९७ मध्ये बोहेमियातल्या (तोही आताच्या चेक देशातला भाग) सरकारी नोकरांना जर्मन आणि चेक दोन्ही यायला हवं असा हुकूम निघाला, तर रस्त्यावर दंगे झाले आणि पंतप्रधान बाडेनींना घरी जावं लागलं. रोटला हे पक्कं माहीत होतं. त्याच्या कादंबरीत मेजवानी चालू असताना युवराजाच्या खुनाची बातमी येते आणि हंगेरियन अधिकारी आपापसांत हंगेरियनमध्ये बोलू लागतात. बरं झालं, ब्याद गेली! बाकीचे नुसते बघत बसतात.

एक मान्य करतो, नाइलाजानं. पर्लॉफबाईंनी निवडलेले सगळे जर्मनमध्येच लिहिणारे आहेत. क्राउस, रोट, मुसिल, कानेटी, त्सेलान, शेवटी तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइन. चेक नाही, हंगेरियन नाही, पोलिश नाही. वहीची निम्मी पानं त्यांनीही उघडलेली नाहीत.

हे लिहिता लिहिता राग जरा निवला. सरांनाही काय बोलायचं? आमच्या पणजोबांची मोडीतली बाडं माळ्यावर आहेत. त्यातलं एक अक्षर मला लागत नाही. घरमालकीणबाईंना मी हे सांगितलं, तर त्या पुन्हा हसल्या आणि बशी पुढे सरकवली. आत आलुबुखारचा काळा घट्ट मुरंबा भरलेले गोळे. त्या मुरंब्याला तिथे पोव्हिडल म्हणतात. शब्द चेक. बाईंना वाटायचं अस्सल व्हिएन्नाचा आहे.

पर्लॉफबाईंचं पुस्तक कोणाला हवं असेल तर माझी प्रत देतो, सरांनाही देईन. रोटच्या प्रकरणातली दोन पानं मुरंब्यानं चिकटली आहेत. जपून सोडवा.