युंगरवर आरोप करा, पण कलम बरोबर लावा

पहिल्या महायुद्धात लढलेला जर्मन लेखक अर्न्स्ट युंगर याच्यावरच्या १९९८ सालच्या स्वीडिश माहितीपटाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘हा हिटलरचा लाडका नाझी लेखक. युद्धाचे पोवाडे गायला आणि जर्मनी हरल्यावर रंग बदलून विचारवंत झाला.’

‘नाझी’? युंगर पक्षाचा सदस्य कधीच नव्हता. १९३३ मध्ये राइखस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, जागा चालून आली, ती त्याने नाकारली. पुढच्याच वर्षी पक्षाच्या मुखपत्राने त्याचं लेखन न विचारता छापलं, तेव्हा असं पुन्हा करू नका म्हणून त्याने पत्र पाठवलं.

‘लाडका’ यात मात्र तथ्य आहे. त्याची युद्धावरची पुस्तकं हिटलरला आवडत, आणि १९२६ मध्ये युंगरने स्वतः त्याला एक पुस्तक भेट पाठवलं होतं. हे झाकायचं कशाला?

‘पोवाडे’ म्हणणाऱ्यांनी कोणती आवृत्ती वाचली? १९२० साली आलेलं त्याचं पहिल्या महायुद्धातल्या खंदकांतल्या दिवसांचं पुस्तक तो पुढे अनेकदा बदलत राहिला. १९२४ ची आवृत्ती कडवी राष्ट्रवादी, १९३४ ची बरीच निवळलेली. लढाईची नशा त्यात आहेच, पण चिखल आणि कुजणारी प्रेतंही आहेत. चौदा वेळा जखमी झालेल्या माणसाला ती कुणाकडून ऐकावी लागली नव्हती.

‘हरल्यावर रंग बदलला’ हा तर निव्वळ तारखांचा घोळ. जुलमी सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या प्रदेशाची त्याची कादंबरी १९३९ ची. तेव्हा हिटलर ऐन भरात होता. उलट १९४५ नंतर नाझीमुक्तीची प्रश्नावली, म्हणजे नाझी राजवटीशी असलेले संबंध तपासणारा विजेत्यांचा अर्ज, भरायला त्याने नकार दिला आणि १९४९ पर्यंत प्रकाशनबंदी सोसली. रंग बदलणारा माणूस तो कागद मुकाट्याने भरून मोकळा झाला असता.

मग युंगर निर्दोष? छे! विसाच्या दशकात वायमार लोकशाहीवर, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मन प्रजासत्ताकावर, तो राष्ट्रवादी नियतकालिकांतून तुटून पडला. १९३० चा ज्यूंवरचा त्याचा लेख आजही अंगावर येतो. ‘नाझी’ हा शिक्का एकदा मारला की हे लेखन उघडून बघायची कुणाला गरजच वाटत नाही, माझा राग त्यावर आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या पॅरिसमध्ये तो जर्मन सैन्यात कॅप्टन होता. जून १९४२ मध्ये ज्यूंना सक्तीचा केलेला पिवळा तारा लावलेल्या मुली रस्त्यात दिसल्या, तेव्हा अंगावरच्या गणवेशाची लाज वाटल्याचं त्याने रोजनिशीत लिहिलं. त्याच रोजनिशीत मे १९४४ ची नोंद आहे: हॉटेलच्या गच्चीवर, हातात स्ट्रॉबेरी तरंगणारा बरगंडीचा पेला, समोर शहरावर बॉम्बफेक. आणि त्याला ते दृश्य सुंदर वाटतं.