ड्रॅक्युला म्हणजे व्लाड नव्हे

‘ड्रॅक्युला काल्पनिक नाही, तो खरोखर होऊन गेला’ असा एक मजकूर कितीतरी वर्षं या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातला दावा थोडक्यात असा: पंधराव्या शतकात व्लाड नावाचा क्रूर राजा आजच्या रोमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या ब्रान किल्ल्यात राहायचा, माणसांना सुळावर चढवून त्यांचं रक्त प्यायचा, उन्हाला घाबरायचा. ब्रॅम स्टोकर या लेखकाने त्याचीच कहाणी ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत उतरवली आणि ती खरी असल्यामुळेच आजवर टिकली. व्लाड होऊन गेला आणि तो निर्दय होता, एवढं बरोबर आहे. बाकीच्या गोष्टींना उत्तर द्यायला हवं, कारण त्या पसरतात तेव्हा एका लेखकाने सात वर्षं खपून जे रचलं त्याचं श्रेय भलत्याच्याच खात्यात जमा होतं.

पहिला मुद्दा, स्टोकरने व्लाडवर लिहिलं. हे तपासायला तर्काची गरजच नाही. स्टोकरची टिपणं फिलाडेल्फियाच्या रोझनबाख संग्रहालयात आहेत. त्यातली सुरुवातीची टिपणं मार्च १८९० ची. तेव्हा रक्तपिपासू सरदार आधीच कल्पनेत आहे, पण त्याचं नाव आहे काउंट वॅम्पायर आणि मुलूख ऑस्ट्रियातला स्टायरिया. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात स्टोकर व्हिट्बी या किनाऱ्यावरच्या गावी सुट्टीला गेला. तिथल्या वाचनालयात त्याला विल्यम विल्किन्सनचं वालाकिया आणि मोल्डाव्हिया या ट्रान्सिल्व्हेनियाशेजारच्या मुलखांवरचं १८२० सालचं पुस्तक मिळालं. त्यात ड्रॅक्युला नावाच्या एका सरदाराने तुर्कांवर केलेल्या स्वारीचे मोजके उल्लेख आहेत आणि एक तळटीप आहे: वालाकियन भाषेत या नावाचा अर्थ सैतान. स्टोकरने ती टीप उतरवून घेतली, पुस्तकाचा वाचनालयातला क्रमांकसुद्धा लिहून ठेवला आणि जुनं नाव खोडून नवं घातलं. पात्र आधी जन्मलं, बारसं नंतर झालं. टिपणांत व्लाड हे नाव नाही, सुळाचा उल्लेख नाही. कादंबरीतही नाही, तिथे तुर्कांशी लढून नाव कमावणाऱ्या सरदाराबद्दल तेवढी वाक्यं येतात. हा सरदार म्हणजे व्लाड हे समीकरण घरोघरी पोचलं ते १९७२ साली, रेमंड मॅक्नॅली आणि राडू फ्लोरेस्कू या इतिहासकारांच्या पुस्तकामुळे. तोवर कादंबरीला पंचाहत्तर वर्षं झाली होती.

ब्रान किल्ल्याचं लवकर आटपता येईल. व्लाड वालाकियाचा राजा होता, ट्रान्सिल्व्हेनियाचा नव्हे. त्याची राजधानी तर्गोविश्ते. ब्रान त्याचं राहतं ठिकाण कधीच नव्हतं. कादंबरीतला किल्ला बोर्गो खिंडीजवळ, ट्रान्सिल्व्हेनियाच्या ईशान्येला आहे आणि ब्रान पार दक्षिणेला. स्टोकर तर आयुष्यात त्या प्रदेशात गेलाच नाही, सगळं पुस्तकं आणि नकाशे वाचून लिहिलं. पर्यटकांना दाखवायला एक देखणा किल्ला हवा होता, तो सापडला.

रक्त पिण्याचा मुद्दा जरा नीट पाहू. व्लाडच्या क्रौर्याच्या कथा पसरवल्या त्या जर्मन भाषेतल्या पत्रकांनी. न्यूरेंबर्गला १४९९ मध्ये छापलेल्या पत्रकावरचं चित्र प्रसिद्ध आहे: सुळावरच्या प्रेतांसमोर बसून व्लाड जेवतो आहे. अंगावर काटा येतो, पण या कथा मुळात पसरवणाऱ्यांचं व्लाडशी वैर होतं हे विसरू नये. ट्रान्सिल्व्हेनियातल्या ब्राशोव्हच्या सॅक्सन, म्हणजे जर्मन वंशाच्या, व्यापाऱ्यांशी त्याचा उभा दावा होता आणि १४६२ मध्ये त्याला कैद करणाऱ्या हंगेरीच्या राजाला त्या कैदेचं समर्थन हवं होतं. तरीही या मंडळींनी त्याला जुलमी म्हटलं, वॅम्पायर म्हटलं नाही. ज्यांच्यावर तसा संशय घेतला गेला आणि सरकारी कागदोपत्री नोंद झाली, ती सर्बियातली १७२५ च्या सुमाराची साधी खेडूत माणसं होती. थडगं उकरल्यावर फुगलेलं, लालबुंद प्रेत दिसलं की गाव घाबरायचं. दिवाणखान्यात वावरणारा उमराव वॅम्पायर हा साहित्याचा शोध आहे, जॉन पॉलिडोरीच्या १८१९ च्या कथेपासूनचा.

उन्हाचं म्हणाल तर कादंबरीतला काउंट भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. उन्हाने नाहीसा होणारा वॅम्पायर आला १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यांत चुकीचं: खरी म्हणून टिकली. कादंबरी आली मे १८९७ मध्ये. पुढच्याच महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचा हीरकमहोत्सव होता. साम्राज्य शिखरावर होतं आणि मनातून धास्तावलेलं होतं. (त्याच २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) अशा वेळी स्टोकर काय रचतो? दूरच्या मुलखातला एक परका इंग्रजी पुस्तकं आणि रेल्वेचं वेळापत्रक वाचतो, आपले उच्चार कुणाला खटकू नयेत म्हणून मेहनत घेतो, वकिलामार्फत लंडनजवळ घर विकत घेतो आणि गर्दीत मिसळून जातो. आपण जगभर जाऊन जे केलं ते कुणी आपल्या घरी येऊन केलं तर, ही ती भीती. वाचकाच्या छातीत धडधड होते ती या भीतीने. वालाकियाच्या इतिहासाशी तिचा काही संबंध नाही. काउंटच्या गळ्यावर अखेर जो सुरा चालतो, तोही साम्राज्यातूनच आलेली कुकरी आहे.

आणि ‘हे खरं घडलं असावं’ असं वाटतं, तो तर स्टोकरच्या रचनेचा परिणाम आहे. सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, फोनोग्राफवर बोललेल्या नोंदी यांची बनलेली. इतरांच्या वह्या आहेत, काउंटची नाही. पहिल्या चार प्रकरणांनंतर तो क्वचितच समोर येतो. इतरांच्या नोंदींतून त्याचा माग काढत राहावा लागतो. कादंबरीची नायिका मीना हे सगळं टाइप करून तारखेनुसार लावते, प्रती काढते आणि वाचक नकळत एखादी फाइल चाळायला लागतो. मूळ कागद काउंट जाळून टाकतो. शेवटच्या टिपणात मीनाचा नवरा जोनाथन हार्कर मान्यच करतो, की आमच्याकडे अस्सल म्हणावं असं जवळजवळ काही उरलेलं नाही, फक्त टाइप केलेल्या कागदांचा ढीग आहे आणि त्याच्या जोरावर कुणी आमच्यावर विश्वास ठेवावा असा आग्रह आम्ही धरू शकत नाही.