अक्रात घर हवंय? मग दोन वर्षांचं भाडं आधी मोजा

घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, माणूस कसल्या घरात राहतो हे त्याच्या पगारावर ठरत नाही. एका फटक्यात तो किती रोकड उभी करू शकतो, त्यावर ठरतं. नोकरीनिमित्त घानात आल्यापासून हे हळूहळू लक्षात येत गेलं, आणि आता शहरातलं कुठलंही घर पाहिलं की मी मनातल्या मनात तोच हिशोब करतो.

इथला रिवाज असा की घरमालक दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतो. फार भला असेल तर एका वर्षाचं. मुंबई-पुण्याचं डिपॉझिट निदान घर सोडताना परत मिळतं (म्हणजे मिळायला हवं!). इथे परत मिळण्यासारखं काही नाही, ते भाडंच आहे, फक्त आधी घेतलेलं. वर एजंटचं कमिशन, आणि घर नुसतं दाखवायचेही वेगळे पैसे. कायदा विचाराल तर १९६३चा भाडे कायदा स्पष्ट आहे: सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागणं गुन्हा. तक्रारीसाठी रेंट कंट्रोलचं ऑफिसही आहे. पण घराच्या शोधात वणवण फिरणारा माणूस मालकाशी कोर्टकचेरी करायला जाईल का?

ज्याला थोडीच रक्कम जमते तो कंपाउंड हाऊसमध्ये एक खोली घेतो. शहरातली सगळ्यात जास्त माणसं अशाच घरांत राहतात. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या, नळ, न्हाणी, संडास सगळ्यांचं मिळून. चाळीत वाढलेल्या माणसाला दहा मिनिटांत घरच्यासारखं वाटेल. माझा एक सहकारी नीमा नावाच्या वस्तीत अशा घरात राहतो, म्हणून माझं तिथे जाणं-येणं असतं. संध्याकाळी प्रत्येक दारासमोर कोळशाची शेगडी पेटते. कोपऱ्यात एक जण उभ्यानं लांब मुसळ घालतोय आणि खाली बसलेली बाई दोन घावांच्या मधल्या क्षणात उखळात हात घालून फुफूचा (उकडलेल्या कसावा कंदाचा आणि कच्च्या केळ्यांचा) गोळा उलटतेय. तिचं लक्ष मात्र शेजारणीशी चाललेल्या गप्पांत!

भांडणं होतात ती विजेवरून. बऱ्याच घरांत सगळ्यांत मिळून एकच प्रीपेड मीटर असतो. कुणाकडे फ्रीज आहे, कुणाची इस्त्री सारखी चालू, आणि रिचार्जची वर्गणी मात्र समान. त्यातही गंमत अशी की युनिट वाढले की दर चढतो. म्हणजे आठ-दहा गरीब कुटुंबं एका मीटरवर एकत्र आली की त्यांना बड्या ग्राहकाचा दर लागतो आणि गरिबांसाठीची सवलत कागदावरच राहते.

जेम्सटाउनकडच्या ‘गा’ लोकांच्या (हे अक्राचे मूळ रहिवासी) जुन्या वस्तीतली पद्धत आणखी निराळी. लग्न झालं तरी बायका आपल्या आई-आजीच्या घरी आणि पुरुष वेगळ्या घरी, अशी तिथली जुनी रीत. संध्याकाळी बायकोकडून जेवण नवऱ्याच्या घरी जायचं. (यावर आमच्या घरी झालेली चर्चा इथे लिहीत नाही.)

थोडी जास्त रक्कम जमली की ‘चेंबर अँड हॉल’, म्हणजे पुढे बसायची खोली आणि मागे झोपायची. त्यात स्वतःचं न्हाणीघर-स्वयंपाकघर असेल तर ते ‘सेल्फ-कंटेन्ड’, आणि भाडं लगेच उडी मारतं. मोठ्या बंगल्यांच्या मागे इंग्रजांच्या काळापासून नोकरांसाठी बांधलेली बॉइज क्वार्टर्स असतात. आता तिथे बँकेत नोकरी करणारी तरुण मंडळीही भाड्यानं राहतात. आणि ज्याला काहीच रक्कम जमत नाही तो लाकडी खोक्यात, जुन्या कंटेनरमध्ये, नाहीतर कोर्ले खाडीकाठच्या ओल्ड फदामाच्या झोपडपट्टीत. उत्तरेकडून येऊन बाजारात डोक्यावर ओझी वाहणाऱ्या कितीतरी मुली तिथेच एकेका खोलीत दाटीवाटीनं झोपतात.

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकतात ती शहराबाहेरची अर्धवट घरं. कसोआ, डोडोवा, कुठेही जा, सिमेंटच्या ब्लॉकच्या उघड्या भिंती, वर आलेल्या सळया, भिंतीवर लाल रंगात ‘काम थांबवा, परवाना दाखवा’. आधी वाटतं, बिल्डर पळाला की काय. तसं नाही. २०२३मध्ये इथल्या मध्यवर्ती बँकेचाच दर ३० टक्क्यांवर गेला होता, मग गृहकर्ज कोण घेणार? पैसे आले की सिमेंट घ्यायचं, चार थर चढवायचे आणि पुन्हा थांबायचं. आत एखादं कुटुंब राखणीला फुकट राहतं, कारण रिकामा प्लॉट दुसऱ्यालाही विकला जाऊ शकतो. अशा जमिनींवर दांडगाई करणाऱ्या लँडगार्डांवर २०१९मध्ये कायद्यानं बंदी घालावी लागली.

सरकारी घरांचं न बोललेलंच बरं. अक्राजवळच्या सागलेमीला ५,००० घरं बांधायची होती. १,५०६ उभी राहिली आणि तीही वर्षानुवर्षं रिकामी पडून होती.

आता आमच्यासारख्यांचं. कँटोनमेंट्स, ईस्ट लेगॉनसारख्या भागांत भाडी सर्रास डॉलरमध्ये सांगतात. जनरेटर, पाण्याच्या टाक्या, विजेच्या तारा लावलेली कुंपणं, सगळं तयार. भाडं कंपनी भरते, तेही दोन वर्षांचं एकदम, हूं की चूं न करता. माझं स्पष्ट मत आहे की ही वाईट सवय टिकवण्यात आपलाही हात आहे. परदेशी कंपन्या हसत हसत दोन वर्षांचे पैसे देतात, तर मालक सहा महिन्यांवर का थांबेल?

२०२३मध्ये सरकारनं एक योजना आणली: आगाऊ रक्कम सरकार मालकाला देणार आणि भाडेकरूनं ती महिन्याच्या हप्त्यांनी फेडायची. कल्पना चांगली आहे, पण नियमित उत्पन्नाचा पुरावा मागितला तर पगाराची स्लिप नसलेल्या भाजीवालीनं किंवा शिंपिणीनं तो आणायचा कुठून? ज्यांच्याकडे स्लिप आहे त्यांच्यासाठी कंपन्याही हेच करू शकतात. आमच्या ऑफिसात मी तसं सुचवलंय: स्थानिक कर्मचाऱ्यांना घरासाठी बिनव्याजी उचल द्या आणि पगारातून कापून घ्या. अकाउंट्सवाले म्हणतात, पायंडा पडेल. अहो, पडू दे की!

लागोस, आबिजानला राहणारी मराठी मंडळी असतील तर तिथे किती महिन्यांचं आगाऊ मागतात ते कमेंटमध्ये सांगा. लागोसचं जे कानावर आलंय ते यापेक्षा फार बरं नाही.