सर्टिफिकेट हाये काय?

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवाल्याची कायम जागा निघाली. काट्याच्या पावतीपासून जीएसटीपर्यंत सगळं इतकी वर्षं चालतं ठेवणाऱ्या मलाच शेठजींनी परवा इंटरव्ह्यूला बसवलं!

"सीसीएनए आहे?" पुण्याच्या भाच्यानं पाठवलेली यादी शेठजी वाचत होते. "एमसीएसई?"

"एमएस-सीआयटी आहे. आणि एमसीएसई हे सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२१ मध्येच बंद केलं."

"म्हणजे तुमच्याकडे नाही."

बाकावर एक आबाजी पावती धरून ताटकळले होते. कापूस सकाळीच खाली झाला होता, पण चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, निघत नव्हता; चुकारा काढणारा माणूस इंटरव्ह्यू देत होता.

"थे सीसीएनए कायले लागते?" आबाजींनी विचारलं.

"नेटवर्कची परीक्षा. सिस्को कंपनी घेते."

"किती दिवस चालते?"

"तीन वर्षं. मग पुन्हा द्यायची."

"म्हंजे बियाण्याच्या थैलीवरची निळी चिठ्ठी!" आबाजी खूश झाले. "सर्टिफाइड सोयाबीन आनलं व्हतं म्या. सत्तर टक्के उगवण लिहेल व्हती. वावरात उगवला तरोटा."

"मग बिनचिठ्ठीचं घेता?" शेठजींनी पेचात पकडलं.

"अनोळखी दुकानातून नाही घेत बाप्पा. पन घरचं असलं तं गोणपाटात शंभर दाणे गुंडाळाचे, पानी शिपडाचं, किती उगवले थे मोजाचे. यालेबी गुंडाळून पाहा ना."

शेठजी माझ्याकडे खरंच मापं घेतल्यासारखं बघू लागले.

"नाही तं माहा चुकारा काढून दाखवाले सांगा," आबाजी म्हणाले.

उठलो, एन्ट्री केली, अडकलेला प्रिंटर उघडून कागद ओढला, चुकारा दिला. "ते ठीक आहे," शेठजी म्हणाले, "पण कागदोपत्री काय?"

सीसीएनए सोपी नाही, मान्य. आयपी पत्त्यांची गणितं झटपट सोडवावी लागतात. पण आमचं नेटवर्क म्हणजे एक राउटर आणि उंदरानं कुरतडलेली एक वायर. उंदराचा प्रश्न त्या परीक्षेत येत नाही. फी मात्र ३०० डॉलर, वर कर. पगार रुपयांत, तोही दिवाळीनंतर सरकीचे पैसे आले की. फी जिनिंग भरेल का विचारलं, तर शेठजींना एकाएकी फोन आला.

आता नागपूरहून सर्टिफाइड पोरगा येतोय, माझ्यापेक्षा जास्त पगारावर. त्याला काम शिकवायचं मी.

आबाजी नोटा मोजत दारापर्यंत गेले आणि परत वळले. "भाऊ, तुमचं नाही जमलं तं सांगजा. माहा पोट्टाबी एमएस-सीआयटी हाये."