कॉर्नवॉलिस इथे शिक्षा भोगायला आला नव्हता

दर चार-सहा महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या हाती तलवार देऊन शरण गेलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला इंग्रजांनी शिक्षा म्हणून हिंदुस्थानात धाडलं, आणि इथे त्याने एकट्याच्या बळावर टिपूला लोळवलं. एका वाक्यात तीन थापा.

आधी तलवार. 19 ऑक्टोबर 1781 रोजी यॉर्कटाऊनला त्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली, हे खरं. पण कॉर्नवॉलिस तिथे फिरकलाच नाही. तब्येत बरी नाही म्हणून त्याने जनरल ओहाराला पुढे केलं. ओहारा आधी अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच सेनापतीकडे वळला. फ्रेंच सेनापतीने वॉशिंग्टनकडे बोट दाखवलं, आणि वॉशिंग्टनने आपल्या दुय्यमाकडे, लिंकनकडे. तुम्ही दुय्यम पाठवलात ना, मग आमचाही दुय्यमच!

शिक्षेचं म्हणाल तर पराभवाचं खापर बरंचसं त्याचा वरिष्ठ क्लिंटन याच्यावर फुटलं. राजाची मर्जी कायम होती. हेन्री लॉरेन्स या अमेरिकन कैद्याच्या बदल्यात कॉर्नवॉलिस सुटला. हा लॉरेन्स लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता, आणि त्या टॉवरचा किल्लेदार होता खुद्द कॉर्नवॉलिस! हिंदुस्थानचं गव्हर्नर जनरलपद त्याने आधी नाकारलं होतं. कौन्सिलचा निर्णय डावलण्याचा अधिकार आणि सरसेनापतिपद, दोन्ही हाती आल्यावरच 1786 मध्ये तो आला. 1805 मध्ये पुन्हा आला आणि त्याच वर्षी गाझीपूरला वारला. शिक्षा म्हणून कोणी दोनदा येतं का? त्याच्या नावावर मांडायचंच असेल तर बंगालचा 1793चा कायमधारा, म्हणजे जमीनदारांनी भरायचा कायमचा ठरवलेला सारा, मांडा, पण तो या मेसेजवाल्यांना आठवत नाही.

आता ‘एकट्याच्या बळावर’. आपल्याकडच्या लोकांनी तरी हे पुढे ढकलू नये. मे 1791 मध्ये तो टिपूची राजधानी श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोचला, अरिकेरेची लढाईही जिंकला, पण छावणीत दाणा उरला नव्हता. पाऊस लागला, बैल पटापट मेले. ओढायला जनावर नाही म्हणून किल्ला फोडायला आणलेल्या मोठ्या तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या आणि माघार घेतली. वाटेत घोडदळ दिसलं तेव्हा इंग्रजांना वाटलं, टिपूच आला. निघाले मराठ्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. त्यांच्या लष्करासोबतचा बाजार पाहून गोरे चक्रावले: धान्य तर होतंच, वर काश्मिरी शालीपासून बर्मिंगहॅमच्या चाकूपर्यंत सगळं. भाव मात्र चढे. उपाशी गिऱ्हाईक मिळाल्यावर कोण सोडतो!

पुढच्या फेब्रुवारीत श्रीरंगपट्टणला पुन्हा वेढा पडला, तेव्हा मराठे आणि निजाम दोघेही सोबत होते. 18 मार्च 1792 च्या तहात टिपूचं निम्मं राज्य गेलं, 3 कोटी 30 लाखांची खंडणी बसली, दोन मुलगे ओलीस राहिले. त्या निम्म्या राज्याचे वाटे तीन झाले: कंपनी, निजाम आणि पेशवे. आपला वाटा तुंगभद्रेपर्यंत पोचला.