ज्युनिपर, तिरफळ आणि फिनेल: एका कॉमेंटला उत्तर

काका, नमस्कार. कॉमेंटमध्ये तेवढी जागा नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, ज्युनिपर म्हणजे एका सूचिपर्णी झाडाची वाळलेली फळं, मसाला म्हणून वापरतात; ती घातलेल्या मटणाच्या माझ्या पोस्टखाली काकांनी मुख्य तीन गोष्टी लिहिल्यात. पहिली म्हणजे "ह्यां मटान आसा की फिनेल?", दुसरी म्हणजे आपल्याकडे माशाच्या कालवणात घालायचं तिरफळ असताना ही विलायती फॅडं कशाला, आणि तिसरी म्हणजे ज्युनिपरचं फळ विषारी आहे, बायकांचा गर्भ पडतो, किडनी जाते आणि मी लोकांच्या जिवाशी खेळतेय.

फिनेलपासून सुरू करते, कारण तुमचं नाक अगदी बरोबर आहे. पांढऱ्या फिनेलमध्ये पाइन ऑइल असतं आणि ज्युनिपरच्या वासात सगळ्यात मोठा वाटा असतो पायनीनचा, म्हणजे सूचिपर्णी झाडांचा जो राळेसारखा वास येतो ना, तोच. त्याच्या मागे लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, जराशी मिरी, किंचित गोडवा आणि शेवटी कडसर. थोडं असलं की जंगल, जास्त झालं की रुग्णालयाचा कॉरिडॉर. तुम्ही स्वतःच लिहिलंय की मूठभर दाणे भाजक्या खोबऱ्याच्या वाटणाबरोबर मिक्सरला फिरवले. अहो काका, पोस्टमध्ये अर्ध्या किलोला पाच-सहा दाणे सांगितले होते, तेही खलबत्त्यात नुसते चेचून! वाटले की आतल्या बिया फुटतात आणि कडवटपणा सगळ्या रश्श्यात उतरतो. तिरफळाचं आपण काय करतो? काळी बी काढून टाकतो, साल तेवढी ठेवतो, वाटणात वाटत नाही, ठेचून घालतो. कोणी मूठभर तिरफळं बियांसकट वाटून बांगड्याच्या तिखल्यात घातली तर तुम्ही त्याला घरात घ्याल का?

आणि मालवणी मसाल्यात ज्युनिपर घालायचाच नसतो हो. धणे, दगडफूल, भाजकं खोबरं एवढा गोंगाट चालू असताना त्या बिचाऱ्याचं ऐकणार कोण, मग माणूस आणखी घालतो आणि मग फिनेल. माझं मटण साधं होतं, कांदा, लसूण, मिरी, तमालपत्र, थोडा माडाचा शिरका आणि मंद आच, बस. जिथून हा मसाला आलाय तिथेही तो असाच वापरतात, हरणाचं किंवा रानडुकराचं उग्र मांस, चरबीवालं डुक्कर, नाहीतर जर्मनीतला आणि फ्रान्सच्या अल्सासमधला आंबवलेला कोबी. इटलीच्या उत्तरेकडे श्पेक नावाचं खारवलेलं, धुरावलेलं डुक्कर करतात त्यातही असतो. फिनलंडमध्ये साहती नावाची घरगुती बिअर ज्युनिपरच्या फांद्यांच्या थरातून गाळतात. आणि जीन ही दारू तर या फळाशिवाय जीनच नाही, ते गोव्याच्या वेशीवर राहणाऱ्या माणसाला मी काय सांगू. चरबी आणि आंबटपणा, या दोघांबरोबर त्याचं जमतं. कोबीवर करून बघायचं असेल तर बारीक चिरून मीठ लावून मुरू द्या, मग डुकराच्या चरबीत किंवा तुपात तीन-चार दाणे घालून झाकण ठेवून शिजवा. खोबरं नको, हळद नको.

तिरफळाच्या जागी ज्युनिपर घाला असं मी कुठेच म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. बांगडा, तारली, पेडवे यांना तिरफळच. तिरफळ हे लिंबाच्या कुळातलं झाड, चिनी सेचवान मिरीचं भावंड, त्याने जीभ जी झिणझिणते ती सॅन्शूल नावाच्या द्रव्यामुळे आणि ते ज्युनिपरमध्ये नाहीच. लिमोनीन, सॅबिनीन असे काही वास दोघांत सापडतात म्हणून हुंगल्यावर लांबचे नातेवाईक वाटतात, तेवढंच. आणि विलायती म्हणाल तर हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडच्या उंच डोंगरांवर ज्युनिपर रानात वाढतो आणि आयुर्वेदात तो हपुषा म्हणून आहे. विलायती असता तरी मला फरक पडला नसता म्हणा, मिरची कुठली आपली होती.

आता विषाचं. तुम्ही ऐकलंय ते अगदीच हवेतलं नाही. पण ज्युनिपर म्हणजे एक झाड नाही, पन्नासच्या वर जाती आहेत. स्वयंपाकात वापरतात ती जुनिपेरस कम्युनिस. युरोपात पूर्वी गर्भ पाडायला वापरायचे ती प्रामुख्याने तिची बहीण, जुनिपेरस सबिना, आणि ती खरंच विषारी आहे, त्यात बायकांचे जीवही गेलेत. तिची पानं मोठेपणी खवल्यांसारखी होतात, खाण्याच्या ज्युनिपरची सुईसारखी टोकदार, तीन-तीनच्या झुपक्यात. पण पाकिटात पानं कुठली दिसणार, म्हणून मसाल्याच्या दुकानातलंच, लेबलवर जात लिहिलेलं पाकीट घ्यायचं, सुटं कोणी पिशवीतून देत असेल तर नको.

यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती आपल्या अंगणातल्या झाडांची. मोरपंखी, जिचं पान शाळेत 'विद्या' म्हणून वहीत ठेवायचो, तिला निळसर हिरवी बोंडं येतात आणि कोणाला तरी ते ज्युनिपर वाटणारच. ते नाही. नर्सरीत शोभेचे म्हणून मिळणारे ज्युनिपरही स्वयंपाकाचे नव्हेत. आपल्या दमट किनाऱ्यावर खायचा ज्युनिपर रानात उगवत नाही, तेव्हा तोडून आणायचा प्रश्नच नको.

गरोदर बाई असेल तर खायच्या जातीचाही ज्युनिपर घालू नका, किडनीचा आजार असेल तरी नको, यात माझा तुमच्याशी वाद नाही. जर्मनीच्या कमिशन ई ने, म्हणजे वनौषधी तपासणाऱ्या तिथल्या सरकारी समितीने, औषध म्हणून रोज 2 ते 10 ग्रॅम वाळलेली फळं चालतील असं म्हटलंय, पण डॉक्टरांना न विचारता 4 आठवड्यांच्या पुढे नाही, आणि गरोदरपण व मूत्रपिंडाला सूज असेल तर अजिबात नाही. आता पाच-सहा दाण्यांचं वजन बघा, एक ग्रॅमच्या आसपास, ते पूर्ण पातेल्यात, खाणारी माणसं चार, आणि ताटात दाणा आला तर बाजूला काढायचा. धडधाकट माणसाला त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण लघवी साफ होते म्हणून रोज काढा पिणारे आणि बाटलीतलं तेल थेंब मोजून पोटात घेणारे जे व्हॉट्सॲप वैद्य आहेत ना, त्यांना मात्र तुमची ही कॉमेंट जरूर पाठवा. तेलात सगळं एकवटलेलं असतं, तो प्रकार स्वयंपाकाचा नाही.

उरलेलं पाकीट फेकायचं का विचारलंत. एक दाणा नखाने दाबून बघा, थोडा मऊ लागला आणि बोटाला वास आला तर चांगलाय, खडखडीत कोरडा असेल तर त्यात काही उरलेलं नाही. वर पांढुरका निळसर लेप असतो तो त्याचा स्वतःचाच, द्राक्षावर असतो तसा, पण आपल्याकडे पावसात बुरशीही तशीच दिसते, ती केसाळ असते आणि कुबट वास मारते, तसं असेल तर सरळ टाका. चांगलं निघालं तर काचेच्या घट्ट बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि तिरफळाच्या बरणीशेजारी नको, दोघांचे वास एकमेकांत जातात.

आणि काका, ते उरलेलं मटण काकूंनी कुत्र्याला घातलं असं लिहिलंत, कुत्र्याने खाल्लं का ते सांगितलं नाहीत.